लघवीच्या गोळीवरचा मेसेज आणि मिठाचा हिशेब

‘किडनी वाचवा’ या मथळ्याचा एक मेसेज पुन्हा घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: लॅसिक्स, डायटॉर यांसारख्या लघवीच्या गोळ्या म्हणजे दमलेल्या बैलाला पराणी टोचणं. गोळी किडनीकडून जबरदस्तीने काम करून घेते आणि शेवटी तिला बंद पाडते. पुरावा हवा असेल तर गोळी सुरू केल्यावरचं क्रिएटिनिन बघा, वाढलेलंच निघेल. या गोळीची सवय लागते, म्हणून सूज उतरली की त्याच दिवशी सोडा. बीपीला लघवीची गोळी देणारा डॉक्टर जुन्या जमान्यातला, तो बदला. गोळीऐवजी रोज चार-पाच लिटर पाणी, गोखरू-धण्यांचा काढा आणि एक शहाळं घ्या, साइड इफेक्टशिवाय तेवढंच काम होईल. याच मेसेजच्या दुसऱ्या एका आवृत्तीत तर उलटंच आहे: वजन झटपट उतरवायचं असेल तर अर्धी लॅसिक्स घ्या. किडनी मारणारी गोळी कंबर बारीक करायला चालते म्हणे!

मी तालुक्याच्या गावात फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो. हा मेसेज फिरला की थोड्याच दिवसांत त्याची फळं दवाखान्यात दिसतात. पाय सुजलेले, धाप लागलेली आणि औषधांच्या पिशवीत एक पट्टी न फोडता तशीच पडलेली. मेसेजमधलं सगळंच खोटं असतं तर एका ओळीत उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. त्यात अर्धवट खरं मिसळलेलं आहे, म्हणून एकेक मुद्दा घ्यावा लागतो.

सुरुवात पराणीपासून करू, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे.

आपल्या दोन्ही किडन्या मिळून रोज साधारण 180 लिटर पाणी गाळतात. रक्तातला पातळ भाग जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच तो दिवसातून साठेक वेळा गाळणीतून जातो. लघवी होते दीड, फार तर दोन लिटर. बाकीचं सगळं किडनी परत घेते. गाळण्यासाठी लागणारा जोर हृदयाकडून येतो, त्यात किडनीला फारसे कष्ट नाहीत. तिची खरी मेहनत, तिचा ऑक्सिजन खर्च होतो तो गाळलं गेलेलं मीठ वेचून परत रक्तात घालण्यात. मीठ परत गेलं की पाणी त्याच्यामागे आपसूक जातं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की फोडीतलं पाणी मिठाकडे धाव घेतं, तोच नियम.

लघवीची गोळी पाण्याला हातही लावत नाही. मीठ वेचण्याचं हे काम ती एका ठरावीक ठिकाणी थांबवते. मीठ नळीतच राहतं, त्याच्यासोबत पाणीही राहतं, आणि दोघं मिळून लघवीवाटे बाहेर पडतात. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तर या मेसेजमधल्या बहुतेक दाव्यांचं उत्तर ज्याचं त्याला देता येईल.

ते ठिकाण कोणतं, त्यावर गोळीचा प्रकार ठरतो. प्रत्येक किडनीत दहा लाखांच्या आसपास बारीक नळ्या असतात. गाळलेल्या मिठापैकी साधारण दोन तृतीयांश नळीच्या पहिल्याच वळणावळणाच्या भागात परत घेतलं जातं. पुढे नळी केसांच्या आकड्यासारखी खाली जाऊन वर येते. वर येणाऱ्या त्या जाड भागात पाव हिस्सा मीठ परत जातं. तिथे पेशीच्या पडद्यावर एक वाहक प्रथिन असतं, ते एका खेपेला एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड आत ओढतं. फ्युरोसेमाइड म्हणजे लॅसिक्स, आणि टॉर्सेमाइड म्हणजे डायटॉर, हे औषध नेमकं या वाहकावर जाऊन बसतं. पाव हिस्सा मिठाचा रस्ता अडला की लघवी जोरात होणारच. त्याच्या पुढच्या तुकड्यात पाच टक्क्यांच्या आसपास मीठ परत घेतलं जातं. तिथे हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या थायाझाइड जातीच्या गोळ्या काम करतात. शेवटच्या टप्प्यात उरलेलं दोन-तीन टक्के मीठ अल्डोस्टेरॉन या हार्मोनच्या हुकमाने परत जातं आणि त्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकलं जातं. स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे अल्डॅक्टोन, तो हुकूम पेशीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून तिच्याने लघवी बेताची वाढते, परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, पण पोटॅशियम वाचतं.

आता पराणीचं बघा. फ्युरोसेमाइडने त्या जाड भागातल्या पेशींचं मीठ ओढण्याचं काम थांबतं. काम थांबलं म्हणजे ऑक्सिजनचा खर्चही घटतो. किडनीच्या आतल्या भागातला ऑक्सिजन गोळीनंतर वाढतो हे एमआरआयवर मोजून पाहिलेलं आहे. म्हणजे बैलाला टोचणं दूरच, त्याच्या मानेवरचं जू काही तासांपुरतं उतरवलं जातं. लगेच सांगून टाकतो, म्हणून ही गोळी किडनी ‘बरी करते’ असा उलटा मेसेज कुणी काढू नये. अचानक बंद पडलेली किडनी फ्युरोसेमाइडने लवकर सुरू होते का, हे तपासून झालं आहे. लघवी वाढते, किडनी लवकर बरी होत नाही. साठलेलं पाणी काढायला ती उपयोगी पडते, तेवढंच.

डोसचाही गैरसमज इथूनच येतो. “आधी 20 होती, मग 40 केली, आता 80 देताय, म्हणजे किडनी संपत आली ना?” असं लोक विचारतात. फ्युरोसेमाइड रक्तात प्रथिनाला चिकटून फिरतं, त्यामुळे ते गाळणीतून जवळपास जातच नाही. नळीच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी त्याला रक्तातून उचलून नळीच्या आत सोडतात, आणि मग ते वाहत जाऊन आपल्या जागेवर पोचतं. किडनी कमजोर असेल तर आत सोडलं जाणारं औषध कमी पडतं. ठरावीक पातळी गाठल्याशिवाय हे औषध कामच करत नाही, म्हणून डोस वाढवावा लागतो. किडनी आधी कमजोर झाली, डोस नंतर वाढला. मेसेज लिहिणाऱ्याने हा क्रम उलटा लावलाय.

क्रिएटिनिनचा मुद्दा जरा सावकाश बघू, कारण कागदावरचा आकडा माणसाला घाबरवतो.

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. रक्तात तो किती उरला यावरून किडनी किती गाळतेय याचा अंदाज बांधतात. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडे जाणारा प्रवाह थोडा घटतो, गाळणं मंदावतं, आकडा थोडा वर सरकतो. पेशी मेल्या असा त्याचा अर्थ होत नाही. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडलेल्या पेशंटची धाप कमी होतेय, वजन उतरतंय, झोप लागतेय आणि क्रिएटिनिन 1.1 चं 1.3 झालं, तर मी गोळी बंद करत नाही. पण तेच 1.1 चं 2.2 झालं, जीभ कोरडी पडली, उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर पाणी गरजेपेक्षा जास्त काढलं गेलंय. तिथे डोस कमी करायचा किंवा काही दिवस थांबवायची.

आणि मेसेजमध्ये कधीच न येणारी तिसरी तऱ्हा म्हणजे गोळीने क्रिएटिनिन कमी होणं. हृदयाचं पंपिंग कमी झालं की रक्त मागे तुंबतं, शिरांमधला दाब वाढतो. किडनीतून रक्त बाहेर पडायलाच अडथळा झाला तर गाळणं मंदावतं, कारण गाळणी चालते ती आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दाबांतल्या फरकावर. तुंबलेलं पाणी काढलं, शिरांमधला दाब उतरला, की काहींचं क्रिएटिनिन चक्क खाली येतं. अशा पेशंटच्या हातात ‘किडनी वाचवा’चा मेसेज पडला आणि त्याने गोळी सोडली, तर किडनी वाचवण्याच्या नादात तीच बिघडते.

किडनीला खरोखर मार कुठे बसतो, तेही सांगायला हवं. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेली बीपीची गोळी, सोबत लघवीची गोळी, आणि त्यावर गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेली डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक, या तिघी एकत्र आल्या की गडबड होते. लघवीची गोळी पाण्याचा साठा कमी करते. प्रिल-सार्टनमुळे गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल होते. आत येणारी रक्तवाहिनी आकसू नये म्हणून शरीर जे रसायन बनवतं, ते दुखण्याची गोळी बनू देत नाही. तिन्हीकडून गाळणीतला दाब कमी होतो. यात कुलूपबंद ठेवायची गोळी कोणती, तर तिसरी. पण मेसेज तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि सांधेदुखीच्या गोळीला घरात कुणी ‘औषध’ म्हणून मोजतच नाही. औषधांची यादी विचारली की ती कधीच सांगितली जात नाही. मी हल्ली सरळ विचारतो, “दुखायला लागल्यावर काय घेता?”

हीच गोष्ट जुलाब-उलट्यांची. पोट बिघडून दिवसभर पाणी जात असेल, खाणं बंद असेल, तर लघवीची गोळी आणि प्रिल-सार्टन पोट थांबेपर्यंत चालू ठेवायच्या की नाहीत हे त्याच दिवशी फोन करून विचारायला हवं. विदर्भातल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा उन्हात राबणाऱ्या माणसाचा डोसही वेगळा ठरवावा लागतो. पण हा निर्णय पेशंट आणि डॉक्टरने मिळून घ्यायचा असतो, ग्रुपने नाही.

आता ते चार-पाच लिटर पाणी. ‘गोळी पाणी काढते, म्हणून पाणी भरून काढा’ हे ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. पण ज्याच्या पायात, पोटात, फुप्फुसात पाणी साठलंय त्याच्या अंगात पाण्याचा दुष्काळ नाही. त्याच्या अंगात मीठ अडकलंय आणि पाणी त्याला धरून बसलंय. नुसतं पाणी प्यायल्याने निरोगी माणसाची किडनी पातळ लघवी करून जास्तीचं पाणी सोडून देते, मीठ मात्र फारसं सोडत नाही. आजारी हृदयाच्या किंवा यकृताच्या पेशंटला तेही जमत नाही. त्याने पाच लिटर पाणी प्यावं हा सल्ला सरळसरळ घातक आहे.

यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हाताऱ्या बायकांत बघायला मिळतो. बीपीच्या गोळीच्या नावाला ‘एच’ किंवा ‘सीटी’ असं शेपूट असेल तर त्यात लघवीचं औषध आहे, हे बहुतेकांना माहीतच नसतं. हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन घेणारी एखादी सत्तरीची आजी, जेवण दोन घास, आणि मेसेज वाचून तांब्यामागून तांब्या पाणी. रक्तातलं सोडियम 135 च्या वर असायला हवं, ते 120 च्या खाली उतरतं. आजी असंबद्ध बोलू लागते, दिवसा झोपते आणि रात्री जागी राहते, मुलांची नावं चुकतात. घरच्यांना वाटतं वय झालं, कुणी दृष्ट काढतं, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी झालं. सोडियमची एक साधी तपासणी केली की कोडं सुटतं. या एका बाबतीत मेसेजवाल्यांची भीती रास्त आहे, थायाझाइड जातीच्या गोळ्या नाजूक म्हाताऱ्यांना जपून द्याव्या लागतात. फक्त त्यांनी सुचवलेला उपाय, म्हणजे भरपूर पाणी, आगीत तेल ओततो.

पाण्याऐवजी मोजायचं असतं मीठ. सलाइनच्या बाटलीवर 0.9 टक्के छापलेलं असतं; म्हणजे लिटरला 9 ग्रॅम मीठ. आपल्या अंगातल्या पाण्याचा खारेपणा साधारण तेवढाच. त्यामुळे गरजेपेक्षा 9 ग्रॅम मीठ अंगात अडकलं की शरीर त्यासोबत अंदाजे एक लिटर पाणी धरून ठेवतं, आणि वजनकाट्यावर एक किलो वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. आता आपलं ताट बघा. भाजी-आमटीतलं मीठ बाजूलाच ठेवा. लिंबाच्या लोणच्याची फोड, भाजलेला पापड, ठेचा, चारच्या चहासोबत फरसाण, कोकणात असाल तर सुके बोंबील. “डॉक्टर, मी मीठ वरून घेतच नाही” हे वाक्य खरं असतं आणि निरुपयोगीही असतं. आणि सैंधव खाल्ल्याने सुटका नाही, तेही सोडियम क्लोराइडच.

मीठ एवढं का मोजायचं? लॅसिक्सच्या गोळीचा जोर सुमारे सहा तास टिकतो. त्या सहा तासांत मीठ-पाणी बाहेर पडतं. जोर ओसरला की किडनी उरलेले अठरा तास मीठ जास्तच घट्ट धरून ठेवते, जणू झालेली तूट भरून काढायची. त्या वेळात ताटात मीठ भरपूर आलं तर सकाळी गेलेलं सगळं रात्रीपर्यंत परत जमा होतं. बाथरूमच्या दहा फेऱ्या होतात आणि सूज तिथल्या तिथे. मग पेशंट म्हणतो गोळी लागू पडत नाही, शेजारी म्हणतो सवय झाली. गोळीही बरोबर असते, किडनीही. गडबड फरसाणाच्या पुडीत असते.

सवय लागते, या आरोपात तथ्याचा कण आहे. फ्युरोसेमाइड महिनोन्‌महिने घेतलं की नळीच्या पुढच्या भागातल्या पेशींकडे जास्त मीठ येत राहतं, त्या पेशी जाड होतात आणि आधीपेक्षा जास्त मीठ परत ओढू लागतात. मग गोळीचा परिणाम थोडा बोथट होतो. यावर उपायही ठरलेला आहे: पुढचा तो भाग अडवणारी मेटोलाझोनसारखी गोळी थोड्या दिवसांसाठी जोडायची आणि सोडियम-पोटॅशियमवर नजर ठेवायची. पण ही व्यसनाची सवय नव्हे. गोळी सोडल्यावर सूज परत येते ती मूळ आजार तिथेच असतो म्हणून.

एक प्रसंग सांगतो, ओळख पटू नये एवढा बदलून. सत्तरीचे गृहस्थ, हृदयाचं पंपिंग तीस टक्के, गोळ्यांवर दोन वर्षं ठणठणीत. घरात मेसेज आला, पायांवर सूज नव्हतीच, म्हणून लघवीची गोळी बंद. पहिले काही दिवस उलट बरंच वाटलं, बाथरूमच्या फेऱ्या नाहीत. मग उशाला एकाच्या दोन उश्या झाल्या, दोनाच्या तीन. मग रात्री खिडकीपाशी खुर्चीत बसून झोपणं. पहाटे घेऊन आले तेव्हा छातीत बुडबुड ऐकायला स्टेथोस्कोपही लागत नव्हता. ऑक्सिजन लावला, शिरेतून फ्युरोसेमाइड दिलं. शिरेतून दिलं की पाच मिनिटांत त्याचं काम सुरू होतं. तासाभरात लघवीची पिशवी भरत आली आणि त्यांना धड वाक्य बोलता येऊ लागलं. सून दारात उभी होती.

“डॉक्टर, मेसेजमध्ये होतं सूज गेली की बंद करा. आणि मामंजींची सूज तर कधीच गेली होती.”

“ताई, ती गोळीनेच गेली होती ना.”

त्या घरात आता वजनकाटा आहे. सकाळी उठून लघवीला जाऊन आलं की चहाच्या आधी वजन, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा. पाय सुजण्याच्या आधी काटा बोलतो.

गोळी बुडण्याचं आणखी एक कारण मेसेजइतकंच नुकसान करतं, ते म्हणजे प्रवास. एसटीत बसायचंय, लग्नाला जायचंय, वारीत चालायचंय आणि वाटेत बाईमाणसाने जायचं कुठे? हा प्रश्न खराच आहे. पण त्यावर गोळी बुडवायची गरज नसते. लॅसिक्सचा जोर सहाच तास असतो, तेव्हा सकाळची गोळी मुक्कामी पोचल्यावर घेतली तरी चालतं का, हे निघण्याआधी डॉक्टरला विचारा. बहुतेकांना चालतं. संध्याकाळी उशिरा घेऊ नका एवढंच, नाहीतर रात्र बाथरूमच्या वाटेवर जाते.

बीपीला लघवीची गोळी देणारा डॉक्टर जुनाट, या दाव्यावर फार वेळ घालवणार नाही. गोळी जुनी आहे हे खरं. पाण्याच्या सुजेवर 1919 नंतरची कितीतरी वर्षं पाऱ्याची इंजेक्शनं हाच मोठा आधार होता. तोंडाने घेता येणारं पहिलं चांगलं औषध, क्लोरोथायाझाइड, 1958 साली बाजारात आलं. पण जुनं म्हणजे बाद नव्हे. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत साठीपुढच्या 4,736 लोकांना, ज्यांचा फक्त वरचा बीपी वाढलेला होता, क्लोरथॅलिडोनपासून सुरुवात करून औषध दिलं गेलं. पक्षाघाताचं प्रमाण 36 टक्क्यांनी कमी झालं. 2002 साली 33 हजारांहून जास्त लोकांवरच्या चाचणीत याच स्वस्त गोळीची गाठ बीपीच्या नव्या गोळ्यांशी, अम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिलशी, घातली गेली. हार्ट अटॅक रोखण्यात ती कुठेच मागे पडली नाही, हार्ट फेल्युअर रोखण्यात तर अम्लोडिपिनच्या पुढे राहिली. 2008 साली ऐंशीपुढच्या लोकांत इंडापामाइडवर आधारलेल्या उपचाराने मृत्यू 21 टक्क्यांनी घटले. आणि किडनी मारण्याच्या आरोपाला थेट उत्तर म्हणावं अशी चाचणी 2021 ची: किडनीचा आजार बराच पुढे गेलेल्या 160 पेशंटना क्लोरथॅलिडोन किंवा खोटी गोळी दिली, तर खऱ्या गोळीने वरचा बीपी सरासरी 11 अंकांनी उतरला. काहींचं क्रिएटिनिन वाढलं, गोळी थांबवल्यावर ते उतरलं. किडनी खाणारा खरा राक्षस आपल्याकडे मधुमेह आणि बेलगाम बीपी आहे. त्यातला एक या स्वस्त गोळीने आवरतो.

काढ्याकडे येऊ. पुनर्नवा, गोखरू, धणे यांना मी नावं ठेवत नाही; पुनर्नवेची, म्हणजे घेटुळीची भाजी आमच्या भागात आवडीने खातात. पण हार्ट फेल्युअरच्या पेशंटने लॅसिक्सऐवजी गोखरूवर राहावं, असं सांगण्याजोगा पुरावा नाही. धण्याच्या पाण्याने लघवी वाढते ती बरीचशी त्या पाण्यानेच. आणि ‘साइड इफेक्टशिवाय तेवढंच काम’ हा दावा तर मिठाच्या हिशेबात बसतच नाही. नळीत मीठ जास्त राहिलं की पुढच्या टप्प्यावर त्यातलं थोडं परत घेताना पोटॅशियम बाहेर जातं. पोटऱ्यांत गोळे येणं, हातपाय गळणं, हृदयाचे ठोके चुकणं, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्याला त्याची विषबाधा, हे सगळं तिथून येतं. एखादा काढा खरंच लॅसिक्सइतकं मीठ काढत असेल तर तो पोटॅशियमही काढेल. काढत नसेल तर त्याने सूज कशी उतरेल?

शहाळ्याबद्दल मात्र हात जोडून सांगतो. एका शहाळ्यात अर्धा-पाऊण ग्रॅम पोटॅशियम सहज असतं. नुसती लॅसिक्स घेणाऱ्या, किडनी चांगली असलेल्या माणसाला ते फारसं बाधणार नाही. पण किडनी कमजोर, सोबत प्रिल किंवा सार्टन, आणि गोळीच्या नावात ‘प्लस’ किंवा ‘लॅक्टोन’ म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन असेल, तर पोटॅशियम बाहेर पडायच्या सगळ्या वाटा आधीच आवळलेल्या असतात. त्यात रोज शहाळं, वर ‘लो सोडियम’ मीठ, ज्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पोटॅशियम सहा-सात झालं की कुठलीही पूर्वसूचना न देता हृदय थांबू शकतं. स्पायरोनोलॅक्टोन वाईट गोळी नव्हे. 1999 च्या चाचणीत गंभीर हार्ट फेल्युअरमधले मृत्यू तिने 30 टक्क्यांनी कमी केले. पण ते निष्कर्ष आल्यावर कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ती सर्रास लिहिली जाऊ लागली, तसे पोटॅशियम वाढून भरती होणारे आणि दगावणारेही वाढले. चाचणीत पेशंट निवडून घेतले होते आणि त्यांचं रक्त वरचेवर तपासलं जात होतं, बाहेर तसं झालं नाही. म्हणून गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघायचंच. या तपासणीची चिठ्ठी खिशात ठेवून घरी जाणारे फार आहेत.

मेसेजला एक श्रेय देतो. लघवीच्या गोळ्या नको तिथेही दिल्या जातात. अम्लोडिपिन घेणाऱ्यांच्या घोट्यांवर सूज येते, ती मिठाने आलेली नसते. बारीक रक्तवाहिन्या सैलावून पाणी बाहेर झिरपतं. तिथे लॅसिक्स फारशी उपयोगाची नाही. अम्लोडिपिनचा डोस कमी करणं किंवा ती बदलणं हा उपाय. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या हत्तीपायातही नाही, तिथे लसिकावाहिन्या तुंबलेल्या असतात. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईच्या फुगलेल्या शिरांनाही नाही. म्हणून ‘मला ही गोळी का?’ हा प्रश्न जरूर विचारा. यकृताच्या आजाराने पोटात पाणी झालंय, किडनीतून प्रथिनं जाताहेत, हृदय कमजोर आहे, बीपी आहे, असं उत्तर मिळालं तर कारण आहे. ‘पाय सुजतात म्हणून’ एवढंच उत्तर आलं, तर पाय का सुजतात ते पुढे विचारा. यूरिक ॲसिड वाढून अंगठा सुजला असेल तर तेही सांगा, त्यातही या गोळीचा हात असू शकतो.

राहिली ती वजन उतरवायची अर्धी लॅसिक्स. क्रिकेटवेड्यांना 2003 चा विश्वचषक आठवत असेल. शेन वॉर्न एकही सामना न खेळता दक्षिण आफ्रिकेतून घरी परतला आणि मग त्याच्यावर वर्षभराची बंदी आली. त्याच्या नमुन्यात लघवीचं औषध सापडलं होतं. आईने दिलेली गोळी जरा सडपातळ दिसावं म्हणून घेतली, असं त्याचं म्हणणं. खेळात या गोळ्यांवर बंदी आहे, कारण लघवी पातळ करून त्या दुसरी उत्तेजकं लपवू शकतात, आणि वजनी गटाच्या खेळांत काट्यावर फसवतात. फसवतात हे महत्त्वाचं. कमी झालेला तो दीड-दोन किलो म्हणजे मीठ आणि पाणी, चरबीचा एक कणही नाही.

आणि मेसेजमधली ‘सवय’ खऱ्या अर्थाने कुणाला लागत असेल तर यांना. आजार काहीच नसताना चेहरा उतरावा, साडी नीट बसावी म्हणून महिनोन्‌महिने लॅसिक्स घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. अंगातलं मीठ सतत कमी होत राहिल्याने त्यांच्या शरीराची मीठ धरून ठेवणारी सगळी यंत्रणा पूर्ण ताकदीने चालू झालेली असते. गोळी सोडली की ब्रेक सुटतो, चार दिवसांत चेहरा आणि बोटं टम्म फुगतात, अंगठी निघत नाही. घाबरून ती बाई परत गोळी घेते आणि चक्र फिरत राहतं. ही सूज गोळी सोडल्याची असते. मीठ कमी ठेवून, गोळीला हात न लावता धीर धरला, तर साधारण दोन-तीन आठवड्यांत ती आपली आपण ओसरते.